पाणमांजराची आखणी

पेण खाडीच्या काठी, बाजारात मासळी विकणाऱ्या काशीबाईच्या गावाबाहेर, बावीस वर्षांपूर्वी बंद पडलेलं एक मिठागर आहे. त्या मिठागरात काहीही नाही, असं शासनाच्या निदर्शनास आलं. काही नसल्याचं निदर्शनास येणं ही सोपी गोष्ट नाही. त्यासाठी ‘निरुपयोगी जमीन उपयोगिता कक्ष’ नावाचं स्वतंत्र कार्यालय उघडावं लागलं. त्यात सात खुर्च्या, एक एसी आणि बाबाजी नावाचे वरिष्ठ लिपिक बसवावे लागले. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी कक्षाने जाहीर नोटीस काढली. सदर जागेत कोणताही सजीव राहत असल्यास त्याने, अथवा त्याच्या वतीने कोणीही, नव्वद दिवसांत पुराव्यासह हरकत नोंदवावी. तशी न नोंदवल्यास जागेला निर्जीवतेचा दाखला देण्यात येईल व मुरूम टाकून भराव करण्यात येईल. नोटिशीची एक प्रत मिठागराच्या बांधावर खांबाला लावली होती. सजीवांना वाचता यावी म्हणून ती जरा खाली लावली होती.

त्या मिठागरात पाणमांजरं राहत होती. एक मादी आणि तिची दोन पिल्लं. काशीबाईने उमेदीची वर्षं त्याच बांधावर मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. मिठागर बंद पडल्यावर ती तिथल्याच चिखलातून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणि निवट्या मासे काढून पेणच्या बाजारात विकायची. पाणमांजरी आणि ती एकमेकींना ओळखत. तिचा मुलगा कमळाकर याचा पेणमध्ये फोटो स्टुडिओ होता. डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर लागणाऱ्या पोरांचे गेटपाससाठी तो पासपोर्ट फोटो काढायचा. हे फोटो लोक रांग लावून विकत घेत, कारण त्यांत निसर्ग अजिबात नसे.

उरलेल्या वेळात कमळाकर चिखलात पालथा पडून असायचा. अशा अकरा महिन्यांनंतर त्याला एक फोटो मिळाला होता. पहाटेचं कोवळं ऊन, बांधावर ओलीचिंब पाणमांजरी, तोंडात बोईट मासा आणि नजर खाली चिखलात लोळणाऱ्या पिल्लांवर. नोटीस वाचून झाल्यावर काशीबाई मुलाला म्हणाली, “कमल्या, तो फोटू घेऊन जा त्या साहेबाकडं. तिला जिथं बोईट मिलतं तिथंच मना चिंबोरी मिलते. तिचं घर बुजवलं त मी बाजारात काय इकू, माती?”

कमळाकर फोटो घेऊन कक्षात गेला. बाबाजींनी तो हातात घेतला, उलटा केला, मागची बाजू तपासली.

“फोटो उत्तम आहे,” बाबाजी म्हणाले. “विकला गेलाय का?”

“विकायला नाय काढला, साहेब. पुरावा म्हणून आणलाय.”

बाबाजींनी परिपत्रक काढून वाचून दाखवलं. न विकलेले छायाचित्र हे संबंधित छायाचित्रकाराचे वैयक्तिक मत समजण्यात यावे. हल्ली कोणीही उठतो आणि कशाचाही फोटो काढतो, त्या प्रत्येकावर शासनाने विश्वास ठेवायचा ठरवला तर जमिनीच उरणार नाहीत. याउलट विकत घेणारा माणूस खिशात हात घालण्याआधी दोनदा विचार करतो, आणि शासनाला तेवढा विचार पुरतो. “तर कुणीतरी विकत घेतलेला, छापून आलेला आणि खाली जागेचं नाव असलेला फोटो आणा,” बाबाजी म्हणाले. “दोन प्रती. सोबत विक्रीची पावती.”

“त्यापेक्षा तुम्हीच चला ना. मोटरसायकलनं अर्धा तास. पहाटे ती बांधावर असतेच.”

“स्थळपाहणी पुरावा मान्य झाल्यावर होते. आधीच पाहणी केली तर पुरावा कशाला मागायचा?”

कमळाकरने फोटो परत घेतला. अशा वाक्यांवर कुणाकडेच उत्तर नसतं, म्हणून तर ती कार्यालयात ठेवलेली असतात.

अशा रीतीने पाणमांजरीचं घर वाचवण्यासाठी तिचा फोटो विकणं प्राप्त झालं. कमळाकर आधी एका डॉक्टरांकडे गेला. त्यांना दवाखान्याच्या भिंतीसाठी निसर्गचित्र हवंच होतं. त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, यात चिखल आहे, चिखलात जंतू असतात, पेशंटचा धीर सुटेल. त्यांनी पुढे स्वित्झर्लंडचा वॉलपेपर लावला. शाळेने वाघ मागितला. पेण तालुक्यात वाघ नाही, असं कमळाकरने नम्रपणे सांगितलं, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, “म्हणून तर फोटो पाहिजे.” पतपेढीच्या चेअरमनना वास्तुशास्त्राप्रमाणे सात धावते घोडे हवे होते. त्यांनी पाणमांजरीकडे बराच वेळ सहानुभूतीने पाहिलं आणि विचारलं, “हिला पळताना दाखवता येईल का? आणि सात?”

मग त्याने हॉल भाड्याने घेऊन तीन दिवसांचं प्रदर्शन भरवलं. पेणकर रसिक आहेत. पाचशे माणसं आली, प्रत्येकाने पाणमांजरीसमोर उभं राहून “अप्रतिम” म्हटलं आणि नंतर “पाठव ना मला” म्हटलं. निवृत्त मुख्याध्यापिका विमलबाई तर फोटोसमोर रडल्या. त्यांना मोठी फाइल हवी होती, दिवाणखान्यात फ्रेम करून लावायला. कमळाकरने चाचरत किंमत सांगितली. विमलबाईंनी डोळे पुसले आणि दुखावल्या स्वरात म्हणाल्या, “अरे, निसर्ग अनमोल असतो. त्याची तू किंमत करतोस?” कमळाकर शरमला. त्याने फाइल फुकट दिली, आणि मग मागेल त्याला दिली. अनमोल वस्तू नेहमी फुकटच द्यावी लागते, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. दोन दिवसांत पाणमांजरी चारशे बारा जणांच्या स्टेटसवर चढली. तिसऱ्या दिवशी ती गुलाबाच्या चौकटीत ‘शुभ सकाळ’ म्हणत कमळाकरच्याच सासरच्या ग्रुपवर आली. मेहुणीने खाली विचारलं होतं, “किती गोड! कुठल्या देशातलं आहे?”

परदेशी संकेतस्थळांवरही त्याने फोटो टाकला. तिथल्या यंत्राने कळवलं की चित्रात एक अनोळखी डाग आहे, तो काढून पुन्हा पाठवावं. डाग म्हणजे पाणमांजरी. एका स्पर्धेत प्रवेश शुल्क भरल्यावर त्याला उत्तेजनार्थ मानपत्र मिळालं, ते घरपोच हवं असेल तर आणखी शुल्क होतं. मग ‘निसर्ग छायाचित्रांची यशस्वी विक्री’ या विषयावर नागोठण्याजवळच्या रिसॉर्टवर दोन दिवसांचं शिबिर त्याने केलं. मार्गदर्शकाने आयुष्यात एकही फोटो विकला नव्हता, तो शिबिरं विकत होता. चाळीस माणसं चाळीस कॅमेरे घेऊन बसली होती, प्रत्येकजण शेजाऱ्याला आपले फोटो दाखवत होता आणि शेजारी आपल्या पाळीची वाट पाहत होता. या धंद्यात खिशात हात घालणारं गिऱ्हाईक एकच असतं, आणि त्याच्याच गळ्यात कॅमेरा असतो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणात गुलाबजाम होते.

बेचाळीस दिवस गेले. मग कुणीतरी रोह्याच्या महिपतीचं नाव सुचवलं.

महिपतीचं स्टेशनच्या रस्त्याला फ्रेमचं दुकान होतं. देवांच्या तसबिरी, हार घातलेले आजोबा आणि दिवाळीच्या सुमारास कॅलेंडरं, असा त्याचा व्यवसाय. भिंतीवर टांगता येईल असं काहीही विकण्यात रायगड जिल्ह्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याने फोटो उजेडात धरला.

“जनावर बरं हाय,” तो म्हणाला. “पण खपायचं नाय.”

“का, महिपतीशेठ?”

“डोले बघ. कुठं बघतंय ते?”

“पिल्लांकडं.”

“पिल्लं कॅलेंडर घेनार हायत का? भिंतीवरचं तोंड घरच्या मानसाकडं बघत असलं पायजे. पेनच्या गनपतीला सगली दुनिया का येते? डोल्यांसाठी. तुमी कुठंबी उभं ऱ्हावा, तो तुमच्याकडंच बघतो. हिला तसे डोले आखून आन, जून महिन्याचं पान तुझं.”

“फोटोत डोळे काढायचे? मग तो फोटो कसला?”

“विकलेला,” महिपती म्हणाला.

कमळाकरने एवढंच विचारलं की खाली जागेचं नाव छापणार का. महिपती म्हणाला, “छापू की. वाचतो कोन?”

परतीच्या गाडीत कमळाकरने ठरवलं की हे पाप आपण करणार नाही. हा निर्धार निडी स्टेशनपर्यंत टिकला. नागोठण्याला त्याच्या मनात आलं की डोळे कसेही असले तरी मिठागराचं नाव तर खरंच छापलं जाणार. पेणला उतरताना ही कल्पना मुळात आपलीच होती, अशी त्याची खात्री झाली होती.

पेणजवळच्या हमरापुरात हिरामणचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. तिथे अंगाला रंग कुणीही द्यायचं, पण मूर्तीच्या डोळ्यांची रेषा काढणं, म्हणजे आखणी, हे हिरामणच्याच हातचं काम. तो आखणीला बसला की कारखान्यात रेडिओसुद्धा बंद करत. त्याने कमळाकरचा फोटो पाटावर ठेवला.

“ही कोन?”

“पाणमांजरी.”

“वाहन कुठल्या देवाचं?”

“कुणाचंच नाही, हिरामणदादा.”

“म्हंजे मोकलं जनावर. मोकल्या जनावराचे डोले मी कवा आखले नाय.” त्याने पिल्लांवरून बोट फिरवलं. “ही हिच्या पोरांकडं बघते. मी आखले की तुझ्याकडं बघल. मग पोरांकडं कोन बघल?”

संपूर्ण प्रकरणात एवढा एकच शहाणा प्रश्न विचारला गेला, आणि तो विचारणारा माणूस कुठल्याही कक्षात नव्हता. कमळाकर म्हणाला, “पोरांसाठीच चाललंय सगळं. काढा तुम्ही.”

हिरामणने हात धुतले, ब्रश कपाळाला लावला आणि डोळे काढले. कमळाच्या पाकळीसारखे लांब, कोपऱ्यात गुलाबी छटा, बुबुळात प्रकाशाचा थेंब. पिल्लांचेही काढले, कारण अर्धं काम तो कधी सोडत नाही. सवयीने कपाळावर एक बारीक लाल रेघही ओढली गेली. तोंडात बोईट धरून पाणमांजरी आता अवघ्या जगाला आशीर्वाद देत होती.

महिपतीने फोटो त्याच दिवशी विकत घेतला आणि पावती दिली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅलेंडर छापून आलं. तीस हजार प्रती, फुकट वाटण्यासाठी. वर हिरव्या अक्षरांत ‘निसर्ग जपा, भविष्य जपा’ आणि खाली ‘सौजन्य : गुणाजी अर्थमूव्हर्स, भरावाची सर्व कामे वेळेत’. गुणाजींनाच त्या मिठागराच्या भरावाचं काम मिळणार होतं. निविदेत अट होती की कंत्राटदाराने निसर्गाविषयी जनजागृती करावी. कमळाकरने ती सौजन्याची ओळ अंगठ्याने झाकली. पण जूनच्या पानावर, पाणमांजरीच्या पायाशी, बारीक टायपात ‘जुने मिठागर, पेण खाडी’ असं छापलेलं होतं. त्याने ते तीनदा वाचलं आणि कॅलेंडर आईला दाखवायला गावी गेला.

काशीबाईने कॅलेंडर लांब धरलं, जवळ धरलं.

“ही कोन गो बाय?” तिने चित्रालाच विचारलं. मग मुलाकडे वळून म्हणाली, “ही आपली नाय, कमल्या. आपली अशी बघत नाय कुनाकडं. आपली मानूस बघते नि पलते.”

“आये, कागदावर तीच हाय. तू चल फक्त.”

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी मायलेक कक्षात हजर झाले. कक्षाधिकारीसाहेब स्वतः सुनावणीला बसले होते. ते पलीकडच्या जिल्ह्यातून बदली होऊन आले होते आणि त्यांना खाडीचा वास सहन होत नसे. बाबाजींनी पावती पाहिली आणि टिक केली. छपाई पाहिली, टिक केली. जागेचं नाव चष्मा चढवून वाचलं, टिक केली. तीन खुणा झाल्या. कमळाकरने आईचा हात दाबला. पाणमांजरी वाचली होती.

मग, आता चष्मा चढवलाच आहे म्हणून, बाबाजींनी पहिल्यांदाच चित्राकडे पाहिलं. त्यांचे पाय टेबलाखाली चपलांमधून बाहेर आले आणि दोन्ही हात आपोआप जुळले.

“काय झालं बाबाजी?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, हे डोळे हमरापूरच्या हिरामणचे. आमच्या घरी एकवीस वर्षं त्याच्या हातचा गणपती येतो. ही रेषा मी हजारांत ओळखीन.”

“म्हणजे हे जनावर मातीचं आहे?”

“हात जुळले साहेब,” बाबाजी गंभीरपणे म्हणाले. “जिवंत जनावराला माझे हात जुळत नाहीत.”

कमळाकरने घाईघाईने पिशवीतून मूळ फोटो काढला. हा खरा, डोळे नंतर काढले, आधी ती पिल्लांकडे बघत होती, असं तो एका दमात बोलला. बाबाजींनी फोटो हातात घेतला, उलटा केला, मागची बाजू तपासली.

“हा विकला गेलाय का?” त्यांनी विचारलं.

आता काशीबाई उठली. “अरं बाबांनो, मातीची कशी आसल? परवा माझ्या पाटीतली दोन बोईटं खाल्ली तिनं! चला, दावते तुमाला. आत्ता चला.”

“पंचनामा केला होता का?” साहेबांनी विचारलं.

“कशाचा?”

“बोईटांचा.”

काशीबाई खाली बसली. तिने उभ्या जन्मात मिठाच्या ओझ्याखाली मान वाकवली नव्हती, ती त्या खुर्चीत वाकवली.

कक्षाचा कारभार चोख होता. एकतर्फी निर्णय नको म्हणून हिरामणला पत्र गेलं, ‘सोबतच्या चित्रातील डोळे आपले आहेत काय?’ हिरामणने त्याच पत्राच्या मागे सुरेख वळणात लिहिलं, ‘व्हय, माझेच.’ देवाचं काम करणारा माणूस, खोटं कसं लिहिणार? नव्वदाव्या दिवशी आदेश निघाला. त्यातला शेवटचा परिच्छेद असा होता :

‘हरकतदाराने सादर केलेले पाणमांजर हे हमरापूर येथील कारखान्यात तयार झालेले व रंगकाम पूर्ण झालेले असून ते कोठेही स्थापन करता येण्याजोगे आहे. सबब त्यास विशिष्ट जागेची आवश्यकता नाही. जागेस निर्जीवतेचा दाखला देण्यात येत आहे. भराव सुरू होण्यापूर्वी त्याचे यथाविधी विसर्जन झाल्यास कक्षाची हरकत नाही.’

जानेवारीत गुणाजींचे डंपर लागले. प्रत्येक डंपरच्या काचेमागे कॅलेंडर टांगलेलं होतं. काशीबाई रोज बांधावर जाऊन उभी राहायची. चौथ्या दिवशी पहाटे तिने पाणमांजरीला मुरमाच्या ढिगाआडून खाडीकडे पळताना पाहिलं. तिच्या तोंडात पिल्लू होतं. एकच. दुसऱ्यासाठी ती परत येईल म्हणून काशीबाई दुपारपर्यंत थांबली, मग ड्रायव्हरने तिला हॉर्न वाजवून बाजूला केलं. हे लिहिताना मला संताप येतो आणि तो आवरण्याचं मला काही कारण दिसत नाही. काशीबाई आता बाजारात बसत नाही. तिच्याकडे विकायला काही नाही.

कमळाकरकडे मात्र आहे. पुढच्या वर्षीसाठी महिपतीने त्याच्याकडून बाराही पानं घेतली आहेत. बगळा, कोल्हा, घोरपड, सगळे प्रसन्न मुद्रेने समोर पाहणारे. आता चिखलात पालथं पडावं लागत नाही, जुने फोटो घेऊन हमरापूरला गेलं की झालं. पहिल्या खेपेला हिरामणने विचारलं, “आता कुनाच्या पोरांसाठी?” कमळाकरने मोबाइलमध्ये पाहिल्यासारखं केलं.

ते कॅलेंडर तुमच्याकडेही आहे. नाही म्हणू नका. तीस हजार प्रती फुकट वाटल्या गेल्या आणि फुकट मिळालेलं तुम्ही परत केल्याचं ऐकिवात नाही. प्रदर्शनानंतरच्या त्या चारशे बारा स्टेटसमध्येही तुम्ही होतात, बदाम टाकून. जूनभर पाणमांजरी तुमच्या स्वयंपाकघरात होती. ती पिल्लांकडे न बघता तुमच्याकडे बघत होती, म्हणून तर तुम्हाला आवडली. एक जुलैला तुम्ही पान उलटलंत. हे मिठागर कुठलं, अशी चौकशी मात्र तुम्ही कधी केली नाहीत, आणि त्यात तुमचा दोष नाही. जागेचं नाव जिथे छापलं होतं, बरोबर तिथेच तुम्ही गॅस सिलिंडर लावल्याची तारीख लिहिली होती.